पाणी आडवं आहे

तपकीर गल्लीत दुपारी गाडी लावायला जागा मिळाली,
खरं तर त्या दिवसाला तेवढं पुरे होतं.
पण अण्णा म्हणाले, आलोच आहोत तर बघू,
जसा काही ट्रायपॉड मला नव्हे, त्यांनाच हवा होता.

मुनोतांच्या मुलाने पाच स्टँड काचेवर आडवे मांडले.
"कार्बन. एक किलो शंभर. एका बोटावर उचला, मॅडम."
एका बोटावर उचलला.
किंमत ऐकून दोन्ही हातांनी खाली ठेवला.

अण्णा पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
लेव्हल लावत हिंडले,
पानशेतच्या वरचे ओढे, नीरेचा कालवा,
खांद्यावर सागवानी तिवई, पायांना लोखंडी टोकं.
कुणाला न विचारता त्यांनी एकेक स्टँड
दुकानाबाहेरच्या फरशीवर उभा केला,
पाय फाकवले
आणि वर दोन्ही तळवे टेकून भार दिला.
"काका, काका, तसं नका..."

एक कुंथला.
एक हळूहळू बसत गेला,
लग्नात जेवण जास्त झालेल्या माणसासारखा.
तिसरा हलला नाही.
काळा, जाड, अ‍ॅल्युमिनियमचा, दोन किलो तीनशे.
"हा. आणि मधली दांडी वर काढायची नाही.
उंची पायांतून घ्यायची."

मग हेड.
पाय वेगळे विकतात आणि डोकं वेगळं,
हे अण्णांना फार आवडलं.
"आमच्या ऑफिसात तसंच होतं."

बॉल हेडची एक खुंटी सैल केली
की कॅमेरा चहूकडे मोकळा.
तीन दांड्यांच्या हेडला पुढे-मागे वेगळं,
डावं-उजवं वेगळं, गोल फिरणं वेगळं;
संथ, बोजड, पिशवीत टोचणारं.
"आजकाल सगळे बॉलच नेतात."
घेतला हातात.
एक कोपरा सरळ करायला गेले
तर जमून आलेला दुसरा निसटला.
हे मला घरबसल्या येतं,
त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?
तीन दांड्यांचं बांधून द्या म्हटलं.
भिशीचे साडेनऊ हजार गेले. पिशवी फुकट.

रविवारी पहाटे साडेपाच, वेताळ टेकडी.
अण्णा खाली गाडीतच थांबले, गुडघ्यांमुळे.
खाणीच्या काठावर मुरूम सरकत होता:
एक पाय खडकावर, एक मुरमात,
तिसऱ्याला जागाच सापडेना.
कानटोपीवाले एक गृहस्थ थांबले.
"मोजणी चालू आहे का? रस्ता काढतायत?"
नाही म्हटलं, फोटो.
"मग ठीक," म्हणाले, आणि हात झटकत पुढे गेले.
कुठेतरी मोर ओरडला. वारा सुटला.
खालच्या हुकाला मी सॅक अडकवली,
थर्मास, पाण्याची बाटली, सगळं मिळून वजन.
तरी समोरचं झुडूप आड येत होतं.
मधली दांडी चार बोटं वर काढली.
कोण बघतंय.

अकरा फोटो हलले.

दांडी खाली. मी मुरमात गुडघे टेकले.
टायमर दोन सेकंदांचा, शटर आठ.
आठ सेकंद कशालाही हात लावायचा नाही,
आणि हातांचं काय करायचं
हे मुनोतांच्या मुलाने सांगितलं नव्हतं.
मी ते मागे बांधले, प्रार्थनेनंतर शाळेत
विश्राम म्हटल्यावर बांधायचो तसे.
श्वासही धरला, जरी त्याची गरज नव्हती.
समोर खाणीतलं पाणी काळ्याचं जांभळं
आणि जांभळ्याचं राखाडी होत गेलं.

खाली आले तर अण्णा जागे होते.
चष्मा कपाळावर सारून
कॅमेऱ्याची काच डोळ्यांशी नेली.
आभाळाबद्दल बोलले नाहीत,
रंगाबद्दल तर नाहीच.
पाण्याच्या काठावर अंगठ्याचं नख ठेवलं
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
सावकाश ओढत नेलं.

"पाणी आडवं आहे," म्हणाले.

मी गाडी सुरू केली.
त्यांनी मागचे फोटो बघायचं बटण
आपलं आपण शोधून काढलं असावं,
कारण पौड फाट्याच्या सिग्नलला, खिडकीबाहेर बघत:
"दांडी काढली होतीस."